मुरमातली चिवळ

गाववाल्यांनो, पुनर्वसनात आपलं जंगलातलं गाव उठलं त्या दिवशी ट्रक सकाळीच येऊन उभा राहिला. तुम्ही पेट्या, कोंबड्या, दाराच्या चौकटी चढवत होते आणि मी नाल्याकाठी बसून खुरप्यानं चिवळ उकरत होतो. तुम्ही हसले, मला आठवते.

तुम्हाला चिवळ सांगायची गरज नाही, पण नातवंडं वाचतील म्हणून लिहितो. जमिनीला चिकटून पसरते, पान बारीक, देठ लाल, चव आंबट-खारट. बाजारातली जुडी वेगळी. जंगलातली मूठभर वाटल्या डाळीत घालून गोळे वाफवले की फुणके होतात.

आमची म्हातारी, पोराची माय, ट्रकात चढली आणि सगळ्यांसमोर बोलली, "जिथं हे चिवळ लागन, त्यालेच मी घर म्हनीन."

"लावून दाखवतो," मी म्हणालो. ओलं पोतं मांडीवर घेऊन घाट उतरलो.

तुमच्यातले काही तिवशाकडं गेले, काही बडनेऱ्याला. आम्ही पोराजवळ आलो, अकोल्यात, जुन्या शहरात. मी चौथी शिकलेला, पण मातीत मला कोणी शिकवू नये. मागच्या अंगणात वाफा केला. काळी माती आणली, शेणखत टाकलं, दोन वेळा पाणी. चिवळ अशी माजली की देठ करंगळीएवढे झाले. म्हातारीनं एकदा भाजी केली, घास घेतला आणि ताट सरकवलं.

"हे पानी हाय."

तीन उन्हाळे असेच गेले. मी खत वाढवत गेलो. ती फोनवर बहिणीला सांगायची, "पोराकडं हाओ मी." घर म्हणायची नाही. पोरगा ऐकायचा. मला ते लागायचं.

तिसऱ्या साली वाफा सडला. रागात सगळा उपटला आणि गल्लीच्या नळापाशी, भरावाच्या मुरमावर फेकून दिला. तिथून अख्ख्या गल्लीचे पाय जातात, मोटारसायकली जातात.

पुढच्या उन्हाळ्यात ती पाण्याला गेली ती लवकर आलीच नाही. बाहेर येऊन पाहिलं तर समोर नळापाशी उकिडवी बसलेली, पदर भरलेला. बारीक पान, लाल देठ.

"काहून हो," ती वर न पाहता म्हणाली, "मामाजी काय म्हनत होते?"

मामाजी म्हणजे माझे वडील. ते म्हणायचे, चिवळीले लाड सोसत नाई, पाय सोसतात. मला सगळं आठवलं. पण मी म्हणालो, "म्हनूनच तं इथं टाकलं होतं."

"हो. तुमचं कधी चुकलं हाय?"

चिवळीत रेती फार, म्हणून तिनं सात पाण्यांनी धुतली. फुणके केले. पोरानं पाच खाल्ले. मग तिनं दारातूनच समोरच्या बाईला हाक मारली, "ये वो बाई, फुनके केले घरी."

मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

आता गल्लीतल्या बाया खुडून नेतात आणि मी खुर्ची टाकून पाहत बसतो. मुळं उपटू देत नाही. तुम्ही या, तुम्हाला मुळासकट देईन. फक्त वाफा करू नका. आणि पत्ता विचारत फिरू नका. नळापाशी पायाखाली चिवळ दिसली की समोरचं दार आपलंच.