चक्कीचा मेकॅनिक विकायला निघाला

किस्से कसे साठतात, ते आटाचक्की साफ करणाऱ्याला विचारा. ब्रश फिरवा, फडकं फिरवा, फुंकर मारा. दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी कोपऱ्यातून चिमूटभर पीठ निघतंच. मी आधी सर्व्हिसला होतो, मग सेल्सला आलो. म्हणजे माझ्याकडे दोन्हीकडचं पीठ!

अकोल्यात घरगुती आटाचक्क्या दुरुस्त करण्यात माझी तिशी गेली. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, जमिनीवर बसून मशीनमध्ये डोकं घालायचं, बेअरिंग बदलायचं, निघायचं. माणसांचे चेहरे कमी आणि पायच जास्त पाहिले. पण एक प्रश्न सारखा भुणभुणायचा. गल्लीच्या तोंडावर चक्की असताना हे लोक एवढं धूड घरात आणून ठेवतात कशाला?

कंपनीच्या अमरावतीच्या शोरूममध्ये, राजापेठेत, सेल्सची जागा निघाली आणि मी अर्ज ठोकला. मॅनेजर साने साहेब, पुण्याचे.

"सेल्समध्ये का यायचंय?"

"साहेब, लोक घेतात काहून, हे पाहाचं आहे मले."

साहेबांनी अर्जावर सही केली. "कळलं की मलाही सांगा!"

अट एकच होती. दिवाळीपर्यंत टार्गेट पूर्ण, नाहीतर नोकरी संपली. अकोल्यातल्या माझ्या जागेवर दुसरा माणूस घेतलाही होता, म्हणजे परतीचे दोर कापलेले. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "घरी आल्यावर तुमच्या तोंडून दोन शब्द निंघत नाही, अन् तुमी मशीन विकसान?"

भीती मलाही होतीच, पण उत्सुकता त्या भीतीहून जास्त होती.

*

पहिली व्हिजिट एका रिटायर्ड गुरुजींकडे. साहेब सोबत आले होते, मला शिकवायला. गुरुजींनी सहज विचारलं, "यात बिघडते काय काय?"

आता हा प्रश्न माझ्या आवडीचा! मी तिथल्या तिथे मांडी घातली, नवी कोरी डेमो मशीन उघडली आणि सुरू झालो. जाळी कशी फाटते, बेअरिंग कसं ओरडतं, ओली ज्वारी टाकली की आत कसा लगदा होतो, आणि उंदराने वायर खाल्ली तर काय वास येतो. गुरुजींनी अगदी मन लावून ऐकलं. मधून मधून शंकाही विचारल्या.

शेवटी म्हणाले, "लय छान समजावून सांगतलं भाऊ. इतकं बिघडते तं आमची कोपऱ्यावरची चक्कीच बरी!"

बाहेर आल्यावर साहेबांनी रुमालाने घाम पुसला. "तुम्ही मशीन विकत होतात की पोस्टमॉर्टम करत होतात?"

*

मग एक्स्चेंज ऑफर आली. जुनी द्या, नवी घ्या. एका घरी जुनी मशीन खडखड करत होती, बाई नवी घ्यायला तयारच होत्या. पण तो आवाज माझ्याने ऐकवेना. आत एक नट सैल होता, मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर आणि पाना काढून तो आवळला. मशीन गप्प झाली.

"आता नवीची माहिती सांगतो," मी म्हणालो.

"आता कायले? तुमीच तं चांगली केली!"

आमच्या शोरूमच्या प्रज्ञाताईंनी, म्हणजे सगळ्यात जास्त मशीन विकणाऱ्या बाईंनी, हे ऐकलं आणि हात पुढे केला. माझा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेले. "दिवाळी झाल्यावर घेऊन जाजो," त्या म्हणाल्या.

*

राजापेठेतल्या एका अपार्टमेंटमधून डेमोचा फोन आला. गेलो तर गहू निवडून तयार. म्हटलं, वा! गहू दळून दिले. तेवढ्यात शेजारच्या काकू ज्वारी घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरून बेसनासाठी दाळ आली. कोणी तरी उपासाचं दळायचं म्हणून भगर आणली, तर आधी मशीन धुवूनपुसून द्या म्हणे! दुपारपर्यंत मी पिठाने पांढरा झालो आणि अख्ख्या अपार्टमेंटच्या पोळ्यांची सोय झाली.

सगळ्यांना पीठ आवडलं. चहा झाला, वरून चिवडा झाला. मी विचारलं, "मग मॅडम, बुक करू काय?"

"नाही बा! विकत घेतली तं मंग आमाले दळा लागन ना!"

*

प्रज्ञाताई विकतात कशा, हे मी चोरून पाहायचो. त्या मशीनबद्दल बोलायच्याच नाहीत. 'माहेर कोणतं?' पासून सुरू व्हायचं आणि गाडी कुणाच्या तरी साखरपुड्यावर जायची. मध्येच कधी तरी मशीन विकली जायची. मला तो क्षण काही सापडेना.

मग मीही बोलायला लागलो. अडखळत, पण लागलो. मशीन जाऊ लागल्या आणि प्रत्येकाला मी विचारायचोच, घेतली काहून? कोणी म्हणे, फ्रिजच्या रंगाले मॅच होते. कोणी म्हणे, सुनेनं सांगतलं. मोटरचं कौतुक एकानेही केलं नाही!

एकदा एक जोडपं आलं. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "या मॉडेलचा आवाज सगळ्यात कमी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई हळूच म्हणाल्या, "जास्त आवाजाचं नाही काय एखांदं?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. तर नवरा अगदी गंभीरपणे म्हणाला, "शेजाऱ्यानं मांगच्या वर्षी घेतली. दुपारी आमी निजलो का तो सुरू करते. आता जरा आमचाही आवाज तिकडे जाऊ द्या!"

घेऊन गेले. साहेबांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

*

दिवाळी तोंडावर आली आणि टार्गेटला एक मशीन कमी पडली. फक्त एक! साहेबांनी स्पष्ट सांगितलं, वरून विचारणा झाली आहे, त्यांच्या हातात काही नाही.

शेवटची आशा अकोल्यातली, सर्व्हिसच्या दिवसांत ओळख झालेल्या, जुन्या वस्तीतल्या एका गिऱ्हाइकाची. मशीन अकोल्यापर्यंत नेली आणि तिथून मालवाहू ऑटोत टाकून निघालो. गल्ली अरुंद, ऑटो पुढे जाईना. मशीन खाली उतरवली, ऑटोवाला दुसरं भाडं धरून गेला आणि तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. "भाऊ, आता राहू द्या. पुढच्या वर्षी पाहू."

मी मान वर केली तेव्हा कळलं, मी कुठे उभा आहे ते. समोर पीठगिरणी, दारावर महादेवरावांच्या नावाची पाटी! दिवाळीची गर्दी, अनारशाचे तांदूळ आणि चकलीची भाजणी घेऊन बायांची रांग, आणि जात्यापाशी पिठाने माखलेले चक्कीवाले महादेवराव माझ्या मशीनकडे बघताहेत.

"माह्याच दारात माह्या पोटावर पाय द्याले आला काय रे?"

"नाही काका, चुकून. आता उचलतो."

पण एकट्याने उचलणार कशी? तेवढ्यात गिरणीमागच्या घराचं दार उघडलं. महादेवरावांच्या बायको बाहेर आल्या. त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली, झाकण उघडून पाहिलं.

"हे बाईमाणसाले एकटीले चालवता येते?"

"हो काकू. धान्य टाका, बटण दाबा."

"ठेव मंग घरात."

महादेवराव गिरणीच्या आवाजावरून ओरडले, "अवं, चक्कीवाल्याची बायको तू! घरची चक्की असून हे काहून?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "लगन झालं तवापासून पाहून राहिली मी. तुमच्या चक्कीवर साऱ्या गावाचं पीठ निंघते. माहा नंबर अजून लागला नाही."

महादेवरावांनी खटका ओढून चक्की बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. मग त्यांनी हात झटकले, खाली वाकून मशीनची एक बाजू धरली आणि माझ्यावर खेकसले, "उभा काय राहिला? धर तिकून!"