कोरमअभावी तहकूब

पूर्वी गुरुशांत सर नकाशा मंडळाच्या वार्षिक सभेसाठी वाचनालयात चाळीस खुर्च्या मांडायला लावत, तेव्हा मी मनातल्या मनात चरफडायची. वाचनालयाची शिपाई मीच, खुर्च्या उचलायच्या मलाच. यंदा ते म्हणाले, "दहाच मांडा, राजश्रीताई." तेव्हा मात्र मला बरं वाटलं नाही.

सर निवृत्त चित्रकला शिक्षक. बायको गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या शिवानीने त्यांना आपल्या नकाशा मंडळात ओढलं. नकाशाचं सॉफ्टवेअर तिचंच. कुणीही फुकट वापरावं, दिसेल ती चूक कुणीही दुरुस्त करावी. रविवारी ही टोळी माढ्याला, नाहीतर वळसंगला जायची आणि तिथल्या पाणंदी, आड, दवाखाने मोबाइलवर नोंदवून यायची. लोक म्हणत, सरांना नकाशाचं वेड लागलंय. कसलं नकाशाचं! त्यांना सोबत बसून डबा खाणाऱ्या माणसांचं वेड होतं. पुढे शिवानी पुण्याला गेली, बाकीचे आपापल्या नोकऱ्यांना लागले, आणि मंडळ वर्षातल्या एका सभेपुरतं उरलं.

मंडळ पुढे चालवायचं की बंद करायचं, हे आज ठरणार होतं. वेळ झाली तरी कुणी आलं नाही. सर उभे राहिले आणि रिकाम्या खुर्च्यांना त्यांनी रीतसर सांगितलं की कोरमअभावी सभा तहकूब होत आहे, अर्ध्या तासाने याच जागी भरेल. तहकूब सभेला कोरम लागत नाही. पण ठराव मांडायला सूचक हवा, तसा अनुमोदकही हवा. म्हणजे सरांना आणखी एकच माणूस पुरेसा होता. मी सभासद नाही, माझा काय उपयोग!

मोबाइल चाळता चाळता सर एकदम हसले. "अहो, आमंत्रणातली नकाशाची खूण जुन्या जागेची आहे की! सगळे तिकडं गेले असतील."

वाचनालय गेल्या दिवाळीत सात रस्त्याजवळून इथे होटगी रोडला आलं. साऱ्या जिल्ह्याचे आड शोधणाऱ्यांपैकी एकालाही आपल्याच सभेची जागा नकाशावर हलवायचं सुचलं नव्हतं. कुणी तिकडे गेलं असतं तर एव्हाना फोन आला असता, हे मला कळत होतं. पण सरांचा चेहरा इतका उजळला होता की मी गुपचूप त्यांच्या स्कूटरवर मागे बसले.

जुन्या जागेचं शटर बंद होतं. शेजारच्या टपरीवर धुळाप्पा चहा गाळत होता.

"आमची माणसं आली होती का इथं?" सरांनी विचारलं.

"न्हाय की, सर. सकाळधरनं हितंच हाय मी. कुणीबी आलं न्हाय."

सरांनी एकदा शटरकडे बघितलं. मग त्यांनी मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती खूण उचलून होटगी रोडला नेऊन ठेवली.

"आता कशाला करताय, सर?" मी म्हटलं. "मंडळच ऱ्हात न्हाय."

"कुणी उशिरा निघालं असेल तर? चुकायला नको."

परत आलो, तर दहाही खुर्च्या तशाच रिकाम्या. अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. मी खुर्च्या उचलायला वाकले, तेव्हा सर हळूच म्हणाले, "राहू द्या की थोडा वेळ."