कमळवाली आणि पान कातरणारा पतंग

गल्लीत तिला सगळे कमळवालीच म्हणत. घरामागच्या तळ्यात ती कमळं लावायची आणि फुलांच्या दुकानांना द्यायची. फुलासोबत पानही जायचं, त्यामुळे पान धड लागायचं. एके सकाळी गुडघाभर पाण्यात उतरून बघते तर काय, पानांच्या कडांना लांबट गोल खाचा, जणू कात्रीने कापलेल्या!

"हे तुम्ही तळ्यात सोडलेल्या बदकांचेच उद्योग!" ती नवऱ्यावर कडाडली.

नवरा न्हावी. म्हणाला, "अगं, बदकाचा हात इतका साफ असता तर दुकानात नसतं का बसवलं?"

पण ती कुठली ऐकतेय! तिन्ही बदकं टोपलीत घालून तिने नणंदेकडे रवाना केली.

खाचा थांबायच्या सोडून दुप्पट झाल्या. वैतागून ती एक पान उलटं करून बघत होती, तेवढ्यात पानाचा एक तुकडा तिच्या बोटावर चालायला लागला. किंचाळून तिने झटकला, मग हळूच पुन्हा उचलला. दोन तुकडे रेशमाने जोडून केलेली पिशवी, आणि तिच्यातून डोकावणारी अळी.

"चोरीचा माल अंगावर घालून हिंडतोय मेला!"

अळी बेसिनवरच्या बरणीत राहायला आली. दाढी करता करता नवरा बातम्या द्यायचा, "जुनं घर लहान झालं गं, नवं कापायला घेतलंय." मग अळीने पिशवी देठाला चिकटवली आणि आत कोष विणून गप्प झाली. एका दुपारी बरणीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याला आतून नखाएवढा पांढरा-तपकिरी पतंग चिकटलेला.

तिने तो तळ्यावर सोडला. तिथे तसलेच पतंग पानांखाली अंडी चिकटवत होते. तिने कपाळावर हात मारला. बदकं या अळ्याच तर मटकावत होती! राखणदारांनाच तिने हाकललं होतं.

तिने नणंदेला फोन लावला. "वन्सं, बदकं परत हवीत हो."

"पाठवताना विचारलं होतंत का, वहिनी? आता रोज अंडी मिळतात मला!"

बरीच घासाघीस होऊन दोन परतली, एक तिकडेच राहिलं. हळूहळू पानं सावरली. फक्त तळ्याकाठी एका टबात तिने थोडी कमळं वेगळी लावली, बदकं शिरू नयेत म्हणून वर जाळी घातली आणि त्यातल्या अळ्यांना हात लावला नाही.

"चोराला घरजावई केलंस की!" नवरा म्हणाला.

"एवढ्याशा जिवाला शिवता येतं हो. मला साधं बटण लावता येत नाही."

नवऱ्याने आपला बटण तुटलेला शर्ट निमूट उचलला आणि सुई शोधायला गेला.