घर चुकलेली रडणारी

सासूबाई गेल्या तेव्हा मी जानेफळात नवी सून होते, आणि वर देऊळगाव राजासारख्या मोठ्या गावातली सातवी पास. गळ्यात पडून, हेल काढून रडणं मला गावंढळ वाटायचं. म्हणून भेटायला आलेल्या बायकांपुढे मी फोटो काढायला बसल्यासारखी ताठ बसले. आत जीव तुटत होता, पण शिक्षण आडवं येत होतं. "सुनेले काही दुःख नाई," अशी कुजबुज झाली आणि गल्लीतल्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

एका दुपारी एक अनोळखी म्हातारी एसटीतून उतरून थेट घरात शिरली. तिनं पदर तोंडावर ओढला, मला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. मग हेल न मोडता कानात विचारलं, "कोन गेलं व माय?"

"सासू."

"अवं, मंग मी घर चुकली. माहा भाचा गेला."

"मग जा ना तिकडे," मी शहाणीनं म्हटलं.

"जातो ना. पन आता आली, त तुह्या सासूसाठी रडूनच जातो. मेलेलं मानूस का एका घरचंच रायते?"

तिनं पुन्हा सूर लावला आणि मी असं भोकाड पसरलं की गल्लीतल्या बायका धावत येऊन आम्हाला बिलगल्या. मिळून रडणं ही पूजाच आहे, असं मी त्या दिवसापासून मानते.

म्हातारीनं डोळे पुसले, भाच्याचं घर विचारलं आणि निघाली. जिनं सगळ्यांत आधी अबोला धरला होता, त्या शेजारच्या काकूनं आपल्या पदरानं माझं नाक पुसलं. एरवी मी तो पदर धुतलेला आहे का, ते आधी पाहिलं असतं.