तिच्या खर्चातले दोन वाटे

वेगळं राहायला लागून वर्ष झालं, तेव्हा मी मुलीच्या पोटगीसाठी वडगावच्या कोर्टात अर्ज केला. मुलगी तिसरीत होती. मी तळेगावच्या शाळेत शिकवायचे, नवरा नवलाख उंबरे गावाजवळच्या कारखान्यात सुपरवायझर.

वकीलबाई म्हणाल्या, "ठरलेला आकडा नसतो. दोघांनी आपापली कमाई शपथेवर लिहून द्यायची. मुलीला खरोखर किती लागतं ते बघतात. ज्याची कमाई जास्त, त्याचा वाटा जास्त."

शाळेतली मैत्रीण म्हणाली, "शिकवण्यांचे पैसे रोखीत मिळतात तुला. कशाला लिहितेस?"

मी लिहिले. उद्या मुलीने ते कागद वाचले तर तिची आई त्यात खोटी ठरायला नको होती.

नवऱ्याने मात्र गाडीचा हप्ता वजा करून उरलेला पगार दाखवला होता. तडजोडीच्या बैठकीत कोर्टाने नेमलेल्या मध्यस्थ बाईंनी दोघांचे कागद वाचून दाखवले आणि त्याला सांगितलं, "टॅक्स, पीएफ वजा धरू. गाडी तुमच्या हौसेची, तिचा हप्ता नाही धरता येणार." तो वाद घालायला लागला. त्याच्यासोबत माझे सासरेही आले होते. आयुष्यभर शेती केलेला माणूस, इतका वेळ कोपऱ्यात बसलेला. ते उठले.

"गाडीचा हप्ता माझ्या नातीच्या ताटातनं कापतोस व्हय रं? हिनं समदं खरं लिवलंय. तू बी लिव. ओव्हरटाइम बी लिव."

नवऱ्याने मान खाली घातली आणि लिहिलं.

मग शाळेची फी, व्हॅन, कपडे, औषधपाणी, घरभाड्यातला तिचा हिस्सा, सगळं मांडलं गेलं. त्याची कमाई माझ्या साधारण दुप्पट. म्हणून खर्चाचे दोन भाग त्याचे, एक माझा. तो माझा भाग कागदावर बघताना ऊर भरून आला. मी मागायला आलेली बाई नव्हते, मुलीला पोसणारी होते.

बाहेर आल्यावर मी सासऱ्यांच्या पाया पडले. "आबा, तुमच्यामुळं झालं."

"माझ्यामुळं न्हाई. तू खरं बोललीस, म्हनून मला बोलता आलं."

पैसे एखाददुसऱ्या वेळी उशिरा आले, पण थांबले नाहीत. मुलगी आता नववीत आहे. परवा लोणावळ्याला तिचा कबड्डीचा सामना होता. नवरा आबांना घेऊन आला. आम्ही तिघं एकाच बाकावर बसलो. ती चढाईला निघाली की सगळ्यांत मोठ्यानं आबाच ओरडायचे.