दोन कनातींच्या मधली जागा

सोलापूर सोडलं त्या दिवशी अण्णा मला निरोप द्यायला आला नाही. मीच त्याच्याकडे गेलो. मुंबईला निघालेली गाडी मोहोळला थांबवली, कारण तिथल्या एका लग्नात आमचा मंडप होता. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सुरू केलेला मंडपाचा धंदा तो चालवतो. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा, सतरा वर्षं कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून झालेली, आणि त्या वयात पीएचडी करायला जर्मनीला निघालेलो.

मंडपाच्या एका अर्ध्यात पंगत बसली होती. दुसरा अर्धा संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी सोडवून नव्याने बांधायचं काम चालू होतं. खांब निघत होते, माती उडत होती, पण पंगतीतल्या ताटांत एक कण पडत नव्हता. ही आमच्या घरची रीत. चालू भाग आणि बदलायचा भाग यांच्यामध्ये खांबांच्या दोन रांगांमधला एक अख्खा गाळा रिकामा सोडायचा आणि त्याच्या दोन्ही अंगांना कनात, म्हणजे कापडाची भिंत लावायची. जाणाऱ्या माणसाने पहिली कनात उचलून आत यायचं, ती खाली सोडायची, मगच दुसरी उचलायची. दोन्ही एकदम वर कधीच नाहीत.

अण्णा हात झटकत बाहेर आला. "निघालास व्हय? जेवून जा की."

"उशीर होईल अण्णा."

"बरं. अव्वाला फोन करत जा. मला नाही केलास तरी चालतंय बे." अव्वा म्हणजे आमची आई.

उशीर होणार नव्हता, हे आज पहिल्यांदा लिहितोय. गाडीत मला सोडायला आलेला कॉलेजातला सहकारी होता. हा मंडपवाला माझा भाऊ आहे हे त्याला कळू नये, म्हणून मी जेवलो नाही. त्याला मी सांगितलं होतं, "ओळखीचे आहेत, दोन मिनिटं भेटून येतो."

याच्या आधीही एकदा असं झालं होतं. कॉलेजच्या गॅदरिंगला मंडप अण्णाचा होता. प्राचार्य शेजारी उभे असताना मी त्याला म्हणालो, "अहो, तो कोपरा जरा नीट बांधून घ्या." सख्ख्या भावाला अहो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो सर." घरी आल्यावर तो त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. मीही नाही. आमच्या घरात न बोलण्याची सवय सगळ्यांनाच आहे.

जर्मनीत माझा विषय होता आतली रचना बदलता येणारी चिप. साधी चिप कारखान्यातून जशी येते तशीच आयुष्यभर राहते. ही तशी नाही. आज ती चित्रं ओळखेल, उद्या तिलाच यंत्र चालवायला लावता येईल. अडचण अशी की चिपचा एक भाग काम करत असताना दुसरा भाग बदलला, तर बदलणाऱ्या भागातले अर्धवट सिग्नल चालू भागात घुसतात आणि तिथला हिशेब बिघडवतात. त्यासाठी मध्ये एक झडप ठेवायची पद्धत होती, पण ती उघडमीट होताना चुका व्हायच्याच. दोन वर्षं मी तिथे अडकून पडलो. एकदा कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसलो असताना मोहोळची पंगत आठवली, आणि तशीच वही काढली. मध्ये रिकामा पट्टा, दोन्ही बाजूंना झडप, दोन्ही एकदम कधीच उघड्या नाहीत. चुका थांबल्या. त्यावर पेपर लिहिला आणि तो एका मोठ्या परिषदेत स्वीकारला गेला.

भाषण चांगलं झालं. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी कौतुकाने विचारलं, "ही कल्पना तुम्हाला सुचली कुठून?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण एवढ्या कोट-टायवाल्यांसमोर बांबू, सुतळी आणि कनात काढायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "आमच्या गावच्या स्टेशनची गाड्या चालू ठेवून दुरुस्ती चाललीय ना, तिथे उभा असताना." आमच्या गावचं, म्हणजे जर्मनीतलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. पुढे दोन दिवस ज्याने त्याने मला स्टेशनवरून छेडलं आणि मीही ते खोटं रंगवत गेलो.

मला आठवलंच नव्हतं की त्या भाषणाची लिंक मीच, मिरवायला म्हणून, अण्णाच्या मुलीला पाठवली होती. भाग्यश्री इंजिनिअरिंगला आहे. अण्णाच्या जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटमध्ये सगळे टीव्हीसमोर बसले होते, आणि ती वाक्यावाक्याचं मराठी करून अण्णाला सांगत होती. पडद्यावर माझी आकृती आली तेव्हा अण्णा म्हणे खुर्चीतून पुढे सरकला. "ही आपली दोन कनातींची रीत हाय की गं!" मग तो प्रश्न आला, आणि तिला माझं उत्तरही सांगावं लागलं.

हे तिने मला तीन आठवड्यांनी कळवलं. मधल्या काळात अण्णाशी दोनदा बोलणं झालं होतं. "पेपर कसा झाला?" "चांगला." "बरं झालं." बस्स.

मी फोन लावला. गॅदरिंगपासून सुरुवात केली. मोहोळचं जेवण, स्टेशन, सगळं सांगितलं.

"आपल्या कनातीवर आपलं नाव का छापतो आपण?" त्याने विचारलं.

"दुसऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून."

"मग? माल आपला आणि नाव स्टेशनचं. असं कुणी करतं का बे?"

मला रडू आलं. तो म्हणाला, "आणि एक विचारायचं होतं. नवीन भाग उभारला की लगेच कनात उघडतोस होय रे तू? भाग्याने दाखवलं ते तसंच वाटलं मला. खांब उभा दिसला म्हणून उघडायचं नसतं. हलवून बघायचं आधी."

ते मी केलेलं नव्हतं. नवा भाग तपासल्याशिवाय झडप उघडायची नाही, हे माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण झालं.

यंदाची परिषद हैदराबादला होती. सोलापूरहून अण्णाला बोलावून घेतलं. पहिल्याच स्लाइडवर मंडपाचा फोटो दाखवला आणि म्हणालो, "ही रीत माझ्या वडिलांची आणि भावाची. मागच्या वेळी स्टेशनचं सांगितलं, ते खोटं होतं." सभागृहात कुणी हसलं नाही. नंतर माझ्या जर्मन मार्गदर्शकांनी अण्णाचा हात हातात घेऊन बरंच काय काय विचारलं. मी मराठी करून सांगत गेलो. अण्णाने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "साहेबांना विचार, चिपमध्ये वारा सुटतो का? नाही ना? मग सोपंच हाय की तुमचं."

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांनीही कुठे ना कुठे एखादं स्टेशन सांगितलेलं असेल. आणि जे मागे राहिले, त्यांना ते बहुतेक ठाऊक असतं. गेलेल्या आम्हाला वाटतं, मागे राहिलेले तुम्ही रागावून गप्प आहात. तुम्ही फक्त वाट पाहत असता.

निघताना अव्वा कानडीत म्हणते, "होगि बा", जाऊन ये. त्यातलं येणं मी इतकी वर्षं ऐकलंच नव्हतं. घर म्हणजे मागे सोडलेली जागा, असं धरून चाललो होतो. आता वाटतं, जिथे आपल्या वाटणीचं काम अजून दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही, ते घर. येत्या लग्नसराईत महिनाभर सोलापूरला जातोय. अण्णाने आत्ताच बजावून ठेवलंय, "डॉक्टर झालास तरी खांबांचे खड्डे तुलाच खणायचेत."