सुई उचलण्याची सवय

न्यूझीलंडमध्ये टाकानिनीला मुलीकडे राहायला आलो तेव्हा सोबत वाजवायची पेटी आणली. ग्रामोफोनच्या तबकड्या पुण्यातच ठेवल्या. आयुष्यभर गणित शिकवले आणि संगीत नाटकांच्या जुन्या तबकड्या जमवल्या. दोन्हींत मला चूक खपत नसे.

मुलगी जवळच्या पुकेकोहे गावात फार्मसिस्ट होती. तिच्या काउंटरवर औषध न्यायला येणाऱ्या एका वृद्ध गोऱ्या गृहस्थाकडेही तबकड्या आहेत असे तिला कळले आणि तिने आमची गाठ घालून दिली. पुढे दर शनिवारी ती मला त्यांच्याकडे सोडू लागली. त्यांचा संग्रह अमेरिकेतल्या वाद्यवृंदांचा आणि गावोगावच्या खेळांत ब्लूज ही कृष्णवर्णीयांची गाणी गाणाऱ्या बायकांचा होता. त्या गाण्यांतले शब्द मला निम्मेच कळत. सूर पुरते कळत.

त्यांची नजर अधू होत चालली होती. घर विकून ते टौरंगाला मुलाकडे जाणार होते आणि संग्रह एका ग्रंथालयाला द्यायचा होता. प्रत्येक तबकडीचे कार्ड लिहून झाले होते. एकच अडले होते. त्यांच्या आवडीची एक गायिका होती. तिची त्यांना ठाऊक असलेली एकच तबकडी, दोन बाजूंची दोन गाणी. दुसऱ्या एका तबकडीवर तीच गाते असा त्यांचा संशय होता, पण त्या तबकडीवरचा कागद झिजून नाव गेले होते आणि कडेचा क्रमांकही वाचता येत नव्हता. शिवाय आवाज जाड लागत होता. दहा दिवसांनी, मंगळवारी, खोकी जाणार होती. तोवर ठरले नाही तर कार्डावर 'अज्ञात' लिहावे लागणार होते.

"अज्ञात लिहिलं की ती तबकडी परत कोणी काढून ऐकणार नाही. चुकीचं नाव लिहिलं तर तिच्या माथी परकीचं गाणं," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितले की आवाज जाड नाही, गती चुकीची आहे. त्या काळात सगळ्या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनी भरत नसत. आमच्या नाट्यपदांची गती आम्ही पेटीवर सूर धरून ठरवत असू. पुढच्या शनिवारी पेटी घेऊन गेलो. मुलीला सुटी होती, ती थांबली.

"ही माझ्या ग्रामोफोनपेक्षा जुनी दिसते," गृहस्थ म्हणाले.

"जुनी आहे. सुरात आहे," मी म्हणालो.

गाण्याच्या साथीला पियानो होता. नेहमीच्या गतीला त्याचा सूर पेटीच्या काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधोमध पडत होता, आणि पियानोला असा अधला सूर नसतो. म्हणजे गती चुकीची, हे सिद्ध झाले. गती थोडी वाढवली की पांढरी पाच मिळे, आणखी वाढवली की काळी चार. मी काळी चार धरली. आमच्याकडे बायका गातात ती पट्टी. आवाज तेजस्वी झाला. गृहस्थ खूश झाले आणि त्यांनी पेन उचलले. गाण्याच्या मध्ये ती बाई पियानोवाल्याला उद्देशून एक वाक्य बोलत असे. तिथे मी सुई उचलून पुढे ठेवली. गद्याचा पट्टीशी काय संबंध, असे माझे मत.

मुलगी म्हणाली, "बाबा, बोलणं ऐकू द्या ना."

मी सुई मागे आणली. त्या गतीला ती बाई शाळकरी पोरीसारखी चिवचिवली.

"ही बाई बोलत नाहीये, चिमणी बोलतेय," मुलगी म्हणाली. " तुम्ही घरीही हेच करायचात. पद संपून गायिका आपलं नाव सांगायला लागली की सुई वर. मला तर तेवढंच ऐकायचं असायचं."

मला हे ठाऊक नव्हते. तिने कधी सांगितले नव्हते, मीही विचारले नव्हते.

गती उतरवून पांढरी पाचवर आणली. आता बाई बाईसारखी बोलली, किंचित घोगरी, वाक्याच्या शेवटी हसू दाबलेले. मग नाव ठाऊक असलेली तबकडी लावली. तिच्यातही एक वाक्य होते. तोच घोगरेपणा, तेच दाबलेले हसू. दोन्ही वाक्ये तिघांनी चार-चार वेळा ऐकली. पट्टी निवडण्यात मी चुकलो होतो, आणि तसे मी स्पष्ट सांगितले. पण गायिका एकच, यात मला शंका राहिली नाही.

"शपथेवर सांगाल?" गृहस्थांनी विचारले.

"लिहा," मी म्हणालो.

त्यांना रेघ दिसत नव्हती म्हणून कार्ड मुलीने लिहिले. वर गायिकेचे नाव, खाली गती, त्याखाली माझ्या सांगण्यावरून एक ओळ: मधले बोलणे वगळू नये. आता तिच्या नावावर चार गाणी झाली.

त्या हिवाळ्यात पुण्याला जाऊन माझ्या तबकड्या सीडीवर उतरवून आणल्या. प्रत्येक अखेरपर्यंत वाजवली.